पाजायची वेळ

सायकालला त्या घरात येऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि त्यातले नवऱ्यासोबतचे दिवस होते चाळीस. एर्निस लग्नापुरता रशियातून आला, चाळीस दिवस राहिला आणि परत येकातेरिनबुर्गच्या भाजीच्या गोदामात पोती उचलायला निघून गेला. आमच्या बातकेनकडच्या गावांत याचं कुणालाच नवल नाही. इथल्या निम्म्या घरांत जवान माणूस म्हणजे भिंतीवरचा फोटो आणि फोनमधला आवाज. पण नवल नाही म्हणून दुखत नाही, असं थोडंच आहे?

घरात माणसं तीन. सासू, सासरे आणि ती. सासूला सारा गाव आपा म्हणायचा, म्हणून तीही आपा म्हणायची. सासरे म्हणजे बाबा. ते बोलायचे कमी आणि खोकायचे जास्त, दिवसभर टीव्हीसमोर बसून बातम्यांवर डाफरायचे. आपा मात्र तोंडानं फटकळ. पोटात माया असेलही, पण ती बाहेर पडायची ती शिव्यांच्या वाटेनं.

आणि रीत अशी, की सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही. फोनवरसुद्धा नाही. एर्निसचा फोन आईला यायचा. आपा अर्धा तास त्याला शेजारणीच्या गाईपासून मशिदीच्या छपरापर्यंत सगळं सांगायची आणि शेवटी फोन सुनेच्या हातात द्यायची. सायकाल भिंतीकडं तोंड करून विचारायची, "बरे आहात?" पलीकडून यायचं, "बरा आहे. तू?" "बरी आहे." झालं! पाठीमागं बाबा खोकायचे, आपा कान टवकारून कणीक मळायची. त्याहून जास्त काय बोलणार कपाळ?

मग बेकतूर झाला, आणि सगळंच बदललं.

बाळाचा पाळणा, म्हणजे आमचा बेशिक, आतल्या खोलीत मांडला. बेशिकमध्ये बाळाला हातापायांनिशी पट्ट्यांनी आवळून उताणं निजवतात. पाजायचं झालं की त्याला उचलायचं नाही. आईनं शेजारी गुडघे टेकायचे, वरच्या आडव्या दांड्यावरून पाळण्यात ओणवायचं आणि तसंच पाजायचं. आणि सून पाजत असताना दार बंद. सासरे तर सोडाच, आपासुद्धा बाहेरून खाकरल्याशिवाय आत यायची नाही. एवढ्या मोठ्या घरात त्या पोरीच्या मालकीची तेवढीच जागा आणि तेवढाच वेळ.

बाळ महिन्याचं होतं तेव्हा एकदा पाजताना एर्निसचा फोन आला. थेट तिच्या फोनवर. तिथं एक वाजलेला, त्याची जेवणाची सुट्टी. इथं दोन. तिनं दाराकडं पाहिलं. दार बंद होतं. तिनं फोन उचलला, आवाज बारीक केला आणि केसांच्या रबरानं तो बेशिकच्या दांड्याला बांधून टाकला. हात मोकळे, बाळ अंगाशी, आणि समोर नवरा वाटीतून सूप पितोय! महिन्याच्या बाळंतिणीला याहून काय हवं? त्या दिवशी बाहेर आली तेव्हा तिचे गाल असे लाल झाले होते, की आपा म्हणाली, "ताप आला की काय गं?"

तिथून हे रोजचंच झालं. आधी दोन वाजताचं. मग सकाळी त्याची पाळी सुरू व्हायच्या आधीचं. मग अकराला तो सिगारेट ओढायला बाहेर पडतो तेव्हाचं. बाळ कुरकुरलं की सायकाल हातातला झाडू टाकून म्हणायची, "भूक लागली वाटतं," आणि त्याला घेऊन आत. बाळाला ओलं टोचत असो, पोटात वारा धरलेला असो, नाही तर नुसती झोप आलेली असो, सगळ्याला औषध एकच. कधी कधी तर चांगलं झोपलेलं पोर ती हलवून उठवायची. आपा शेजारणींना सांगायची, "सून लेकराच्या बाबतीत लई जपणारी आहे हो. तासातासाला पाजते."

आता त्या पाळण्यातून वर बघा जरा. बांधलेलं बाळ, मान वळत नाही, वर तोंड करून पडलेलं. त्याला दिसायची काय, तर आईची हनुवटी आणि फोनची काळी पाठ. तो दूध ओढता ओढता थांबायचा, वर बघायचा, वाट बघायचा. हनुवटी हलायची, हसायची, पण खाली काही वळायची नाही. मग तो पुन्हा दोन घोट घ्यायचा नाही तर डोळे मिटून घ्यायचा. तोंडातून सुटलेलंही तिला पुष्कळदा कळायचं नाही. एर्निसनं फोन ठेवला की ती खाली बघायची, पोर झोपलेलं असायचं, ती म्हणायची, पोट भरलं.

खरं सांगायचं तर ते दोघं फार बोलायचेही नाहीत. तो जेवायचा, ती त्याला जेवताना बघायची. पण तिला ते बोलण्यासारखंच वाटायचं. दिवसभर ती ते गोळा करायची: अंगणात जर्दाळूच्या झाडावर किती बर्फ बसला, कोंबडीनं कुठं अंडं घातलं, सगळं त्याला सांगायला म्हणून जपून ठेवायची.

चौथा महिना सरला तेव्हा तोक्तोकान एजे आली, एजे म्हणजे थोरली बहीण. ही आमच्या दवाखान्याची नर्स, रुंद हाडाची, पायात पुरुषी बूट. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. तिनं खांद्यावरचा वजनकाटा काढला, आढ्याच्या कडीला अडकवला, झोळीत बेकतूरला घातलं आणि आकडा बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"महिन्यात दीडशे ग्रॅम? एवढं तर कोंबडीचं पिल्लूसुद्धा वाढतं. निदान पाचशे तरी पाहिजे होतं."

आपा लगेच म्हणाली, "मी सांगतच होते, हिचं दूध पातळ आहे. तासातासाला पाजते बिचारी, पण पाण्यानं कुठं पोट भरतं? मी गाईच्या दुधात रवा शिजवून देते. एर्निस त्याच्यावरच वाढला."

"रवा तू खा, आपा," एजे म्हणाली. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं, हसली, जीभ दाखवली, डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर नेलं. बेकतूर तिच्या खांद्यावरून पलीकडं, शेगडीकडंच बघत राहिला. चार महिन्यांचं पोर, पण ना हसणं, ना डोळ्याला डोळा. एजेचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "पंधरा दिवसांनी मी पुन्हा वजन घेणार. तेव्हाही असंच निघालं, तर जिल्ह्याच्या इस्पितळात भरती करावं लागेल. पोराला एकट्याला ठेवून घेतात तिथं. आईला दिवसातून एकदा बघायला सोडतात."

सायकालनं पुढं होऊन पोर एजेच्या मांडीवरून उचललं. पोरगं जाणार? तिचं असं या घरात दुसरं होतं तरी काय!

"चल आत," एजे म्हणाली. "मला पाजून दाखव."

आत जाऊन सायकालनं पोराला बेशिकमध्ये बांधलं, गुडघे टेकले आणि ती ओणवली. पोर ओढायला लागलं. दुधाचा पान्हा चांगला फुटला होता. पातळबितळ काही नव्हतं, गिळल्याचा आवाज येत होता. एजे बाजूला बसून बघत राहिली. आणि नेमके दोन वाजले. उशीखाली फोन घरघरला. सायकाल जागची हलली नाही, पण तिची मान आपोआप वर झाली आणि डोळे त्या रिकाम्या दांड्यावर जाऊन थांबले. तिला स्वतःलाही कळलं नाही. एजेला कळलं. कारण त्याच क्षणी खाली बाळानं चोखायचं थांबवलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते.

एजेनं दांड्याला अडकलेलं केसांचं रबर बोटानं ओढून बघितलं.

"हं," ती म्हणाली. "दिवसातून किती वेळा आणतेस त्याला आत?"

"नऊ. दहा."

"आणि त्यातलं पितो किती वेळा?"

सायकाल चार महिने पाजत होती आणि पोर किती पितं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"अगं, तू लेकराला पाजायला येतेस, का लेकराच्या नावावर नवऱ्याशी बोलायला येतेस?"

"मग दुसरीकडं कुठं बोलू?" सायकाल एकदम फुटली. आवाज दाबूनच, कारण दारापलीकडं आपा होती. "एजे, सांगा ना कुठं बोलू? बाहेर बाबा बसलेत. गोठ्यात गेले तर आपा विचारते, एवढा वेळ काय करत होतीस. मला दिवसभरात कुणी नाव घेऊन हाकसुद्धा मारत नाही. ए सून, ए पोरी. माझं नाव घेणारा तेवढा एकच माणूस आहे, आणि तो त्या फोनात आहे."

एजेनं ते रबर दांड्यावरून सोडवून तिच्या तळहातावर ठेवलं. मग म्हणाली, "ते खरं आहे पोरी. पण ते त्या बांधलेल्या जिवावर नको काढूस. त्याला तर बोटसुद्धा हलवता येत नाही. तो फक्त बघू शकतो, आणि तू तेवढंही ठेवलं नाहीस. फोन बाहेर ठेव. पंधरा दिवस. त्याच्या तोंडाकडं बघ, दुसरं काही करू नकोस."

जाताना एजेनं आपाला सगळं सांगितलं. लपवाछपवी तिच्या रक्तातच नाही. आपाचा तोंडपट्टा संध्याकाळपर्यंत चालला. "माझ्या नातवाला उपाशी ठेवून इथं मुकेबिके चालले होते! बंद दाराआड! आणि मी आपली गावभर सांगत फिरते, सून गुणाची, सून जपणारी!" बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सायकालनं फोन आणून जेवणाच्या दस्तरखानावर आपासमोर ठेवला आणि मागं सरून उभी राहिली.

पुढचे दिवस विचारू नका. पहिले काही दिवस दोन वाजले की बाहेरच्या खोलीतल्या कपाटात फोन घरघरायचा, आणि आतल्या खोलीत तिची मान आपसूक दांड्याकडं उठायची. एर्निसनं आईला विचारलं, तेव्हा आपानं त्याला खडसावलं, "पोराचं वजन वाढेपर्यंत हिला फोन करायचा नाही!" तोही बापडा बरं म्हणाला. सायकालला वाटलं होतं, तो थोडी तरी कुरकुर करील.

बेकतूर तर तिच्याकडं बघेचना. ती ओणवून त्याच्या नाकासमोर नाक न्यायची, आणि तो तिच्या कानावरून दांड्याकडं बघायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती रडली, आणि आसवं बाळाच्याच कपाळावर पडली, तर ते दचकलं. मग तिनं ठरवलं, आता रडायचं नाही. ती आपली बघत राहिली. बघता बघता तिला बारीकसारीक कळायला लागलं. भूक लागली की तो आधी रडत नाही, आधी ओठ चाटतो. पोट भरलं की भुवई सैल सोडतो. घोट घेताना मध्ये थांबतो ते पोट भरलं म्हणून नाही, दम खायला थांबतो. तेवढ्यात आपण बोललो, तर पुन्हा सुरू करतो. म्हणजे मागं तो थांबायचा तेव्हा तो बोलावत होता. तीन महिने बोलावत होता, आणि ती सूप पिणाऱ्या माणसाकडं बघून हसत होती. हे कळलं त्या दुपारी तिला जेवण गेलं नाही.

आता ती त्याच्याशीच बोलायची. कोंबडीचं अंडं, जर्दाळूवरचा बर्फ, सगळं त्यालाच. बाराव्या दिवशी असंच काहीबाही सांगत असताना त्यानं चोखायचं सोडलं, सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि दुधानं भरलेलं तोंड फाकवून हसला. दूध कानापर्यंत ओघळलं. सायकाल ओरडलीच, "आपा!" आपा खाकरायचं विसरून आत धावत आली. दोघी तिथं गुडघ्यांवर बसून वेड्यासारख्या त्याला हसवत राहिल्या.

पंधराव्या दिवशी काट्यानं चारशे वीस ग्रॅम जास्त दाखवले. तोक्तोकान एजेनं दोनदा मोजलं, वहीत लिहिलं आणि सायकालच्या पाठीत अशी थाप मारली की ती पुढं ढकलली गेली. "इस्पितळ गेलं खड्ड्यात," ती म्हणाली. "आता असंच."

एजे गेल्यावर आपा बराच वेळ शेगडीतली राख उगाचच काढत बसली. मग तिनं फोन कपाटातून आणला आणि सुनेच्या ओच्यात टाकला.

"हे घे. वाजलेत किती? दोनला पाच कमी. लेकरू प्यायलंय ना?"

"प्यायलंय. जागंच आहे."

"मग लाव त्याला. इथंच बस, शेगडीपाशी. आत कशाला गारठ्यात." तिनं बाबांकडं मोर्चा वळवला. "अहो, उठा. ती काळी मेंढी लंगडतेय, बघू चला."

"कुठं लंगडतेय?" बाबा म्हणाले. "सकाळी तर..."

"लंगडतेय म्हणते ना मी! बंद करा तो डबा. मेलं सारखं आपलं युद्ध आणि हवामान!"

बाबांनी बायकोकडं बघितलं, मग सुनेच्या ओच्यातल्या फोनकडं. त्यांनी टीव्ही बंद केला. दारात आपा थांबली. सुनेकडं न बघताच म्हणाली, "आम्हीही कधीकाळी सुना होतो, सायकाल. अर्धा तास लागेल आम्हाला. सावकाश बोल." आणि दार ओढून घेतलं.

त्या घरात आपानं तिचं नाव घेतलं ते पहिल्यांदा. सायकालनं बेशिक शेगडीपाशी ओढून घेतला, रुमाल नीट केला आणि फोन लावला. पंधरा दिवसांचं साठलेलं होतं. काय काय सांगायचं होतं!

एर्निस दिसला. हातात वाटी, तेच सूप. मागं पोरं पत्ते कुटत होती.

"अरे, आज फोन मिळाला का? बाळ कसंय? दाखव."

तिनं दाखवला. चारशे वीस ग्रॅम सांगितले. तो म्हणाला, "वा, शाब्बास." मग त्यानं एक घोट घेतला. तिनं बाळाच्या हसण्याचं सांगितलं. तो म्हणाला, "हो, आई म्हणाली होती." मागून कुणीतरी पान टाकलं, तो मान वळवून हसला.

"एर्निस, आज घरात कुणी नाहीये," ती म्हणाली. आवाज मोठा निघाला, तिची तिलाच लाज वाटली. "दोघं बाहेर गेलेत. मुद्दाम गेलेत. अर्धा तास आहे आपल्याला."

"अर्धा तास?" तो म्हणाला. त्यात वाईट काही नव्हतं. दमलेला होता, एवढंच. "अर्धा तास काय बोलायचं गं? सगळं बरं आहे ना तिकडं?"

"बरं आहे."

"इकडंही बरं आहे. मग ठेवू? इथं डाव अडलाय माझ्यासाठी."

आणि काळ्या पडद्यात तिचं स्वतःचंच तोंड उरलं.

दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. तिला आधी वाटलं, लाइन तुटली. तिनं पुन्हा लावायला अंगठा उचलला आणि मग खाली घेतला. लाइन तुटली नव्हती. एवढे महिने तो जेवत होता आणि ती बघत होती. बोलत होती ती एकटीच. हे तिला आता शेगडीपाशी ऐसपैस बसल्यावर, कुणाची चोरी नसताना, पहिल्यांदा नीट दिसलं. दिसलं आणि इतकं एकटं वाटलं, की बंद दाराआड, घाईघाईत, कुजबुजत असतानासुद्धा कधी तेवढं वाटलं नव्हतं.

तिनं डोळे पुसायला मान वळवली तर खिडकी समोर आली.

बाहेर घोटाभर बर्फात दोघं म्हातारी उभी होती. गोठ्यात गेलीच नव्हती. काळी मेंढी कुंपणापाशी चारही पायांवर धडधाकट उभी राहून त्यांच्याकडं बघत होती. घराकडं पाठ करून, हात काखेत घालून बाबा पाय आपटत होते. आपानं स्वतःची शाल काढून त्यांच्या मानेभोवती गुंडाळली. मग तिला राहवलं नसावं, तिनं खांद्यावरून हळूच मागं बघितलं. काचेआड सून दिसली, हातात फोन.

सायकालनं फोन कानाला लावला.

"हो ना," ती म्हणाली. "अहो, हो. ऐका तर." आपाचा चेहरा खुलला, तिनं घाईघाईनं पुन्हा पाठ फिरवली आणि बाबांना कोपरानं ढोसलं. सायकाल बोलत राहिली. मुक्या फोनला तिनं कोंबडीचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, आपानं नाव घेतल्याचं सांगितलं. मध्ये मध्ये थांबायची, ऐकल्यासारखं करायची, मान डोलवायची. एकदा तर हसलीसुद्धा. घड्याळाचा काटा इतका हळू कधी सरकला नसेल. पाळण्यातून बेकतूर तिच्या हलणाऱ्या तोंडाकडं टक लावून बघत होता, तोही मध्येच हुंकार देत होता.

अडीच वाजता दोघं आत आली. बाबांचं नाक जांभळं झालं होतं. आपानं शेगडीवर हात धरले, काही विचारायचं नाही असं ठरवलं, पण ते चहा ओतेपर्यंतच टिकलं.

"बराच वेळ बोललात," मग ती म्हणाली. "काय म्हणाला?"

"पुष्कळ बोलले," सायकाल म्हणाली. तिनं चहाची वाटी दोन्ही हातांनी बाबांपुढं केली. "तुमचीच चौकशी जास्त. बाबांचा खोकला कसा आहे म्हणाले. थंडीत बाहेर फिरू नका म्हणावं."

"असं म्हणाला?" बाबांनी विचारलं. कित्येक महिन्यांत त्यांनी सुनेला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"हो. दोनदा म्हणाले."

म्हाताऱ्यानं चहाचा घोट घेतला, खाली बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसला. आपानं डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं आणि धुरावर खापर फोडलं.

दुसऱ्या दिवशी दोनला पाच कमी असताना बाबांनी कुणी न सांगता टीव्ही बंद केला. उठले, कोट चढवला. आपाच्या हातात शाल दिली. दोघं बाहेर पडली आणि सायकालनं बंद फोन उचलून कानाला लावला.